तुरट

१

आमच्या घरात सकाळी दोन चहा होतात. एक प्यायचा, एक रंगात घालायचा.

प्यायचा चहा सासूबाई करतात, कारण मी केलेला चहा म्हणजे, त्यांच्या मते, गरम पाण्याची आणि पानांची नुसती ओळख करून दिलेली असते. रंगातला चहा माझ्याकडे. हिरवी पानं पातेल्यात घालून पाणी पार आटेपर्यंत उकळायची. थेंबभर जिभेवर ठेवला तर जीभ टाळूला चिकटली पाहिजे, इतका तुरट. मग तो निळ्या रंगाच्या भुकटीत घालायचा आणि खलत बसायचं. तुरटपणा कमी पडला तर रंग मातीवर धरत नाही, बोट लागलं की पुसला जातो. या घरात सून आली की तिच्या हातात आधी खल येतो. कुंचला कधी येतो ते मला कुणी सांगितलेलं नाही. सासूबाईंच्या हातात तो मी कधी पाहिला नाही, त्यावरून काय ते समजले.

खरं तर मी कानाझावाच्या रंगाऱ्याची मुलगी. आमच्याकडे किमोनोच्या रेशमावर फुलं काढायचे. बरी रेघ कोणती आणि मेलेली रेघ कोणती हे मला चालता येण्याआधी कळत होतं. ते न बोलण्याची कला मी लग्नानंतर शिकले.

मडकी घडवतो शुहेई, माझा नवरा. त्यांवर चित्रं काढतात मितोबे सेन्सेई, म्हणजे मितोबे गुरुजी. सेन्सेई क्योतोचे मोठे चित्रकार. आयुष्यभर कागदावर बगळे काढले, आणि आता ते मातीवर काढायचेत, कारण हल्ली सगळ्याच मोठ्या चित्रकारांना मातीवर काढायचं असतं. महिन्यातून एकदा ते टॅक्सीने आमच्या डोंगरात येतात, रेशमी स्कार्फ न काढता चितारतात आणि मासिकवाल्यांना सांगतात, "माती आणि चित्र यांचा हा विवाह आहे." या विवाहात बायको कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. लाकडी पेटीच्या झाकणावर एकट्या सेन्सेईंचं नाव असतं.

ते ज्याला कलश म्हणतात त्याला आम्ही बरणी म्हणतो. पोट मोठं, गळा इतका अरुंद की माझी मूठसुद्धा आत जात नाही. आणि बरणी गोल असते ही गोष्ट सेन्सेईंच्या कानावर अजून गेलेली नाही. ते समोरच्या बाजूला बगळा काढतात, जसा कागदावर काढतील तसा. मग बगळ्याचे पाय पोटावरून घसरतात, मान गळ्यापाशी आवळते, आणि जे उरतं ते म्हणजे पाय फुटलेली चहाची किटली. चोच म्हणजे तोटी.

"आज किती किटल्या उडाल्या?" शुहेई जेवताना विचारतो.

"दोन. एक आजारी होती," मी म्हणते.

मग मी नाकातल्या नाकात हसते, फुस्स असं, आणि शुहेई ते फुस्स ऐकण्यासाठीच थांबलेला असतो. सासूबाई म्हणतात, "च्च." त्यांची ती च्च म्हणजे या घरात तयार होणारी सगळ्यात बारीक कामाची वस्तू. तीत सेन्सेई, मी, शुहेई, भाताचा दाणा आणि एकूण जग, सगळं येतं.

इतरांची लग्नं कशावर उभी असतात मला माहीत नाही. आमचं किटल्यांवर होतं. दोन अबोल माणसं दिवसभर एकाच माणसाकडे तुच्छतेने बघतात आणि संध्याकाळी ती तुच्छता एकमेकांना देतात. मला याहून जास्त काही नको होतं.

२

भट्टीत ठेवण्याआधी बरणीच्या आत डोकावून फुंकर मारायची असते. आत झिलईचे कोरडे कण पडलेले असतात, ते तसेच राहिले तर भाजताना फोड येतात. हे काम सासूबाईंचं. पण शरद ऋतूतल्या पहिल्या बरणीच्या दिवशी त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. शुहेईने बरणी खिडकीत आडवी ठेवली, तोंड बाहेरच्या पर्सिमनच्या झाडाकडे. दुपारभर वारा आत जात राहिला. मग तशीच उचलून तिला विजेच्या भट्टीत ठेवली.

भट्टी निवल्यावरचं काम माझं. लहान टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा घेऊन आतली झिलई तपासायची, मग पाणी भरून ठेवायचं, झिरपतं का बघायला. टॉर्च आत सोडला आणि आरसा फिरवला.

आत झाड होतं.

निळ्या रंगात, खिडकीच्या गजांआडून दिसावं तसं. एक फांदी खाली झुकलेली, तिच्या टोकाला फळांचा घोस, एका फळाला पक्ष्याची चोच लागलेली. बरणीच्या आतल्या गोलाईवर ती फांदी अशी वळली होती की गोलाई तिच्यासाठीच केली असावी. रेघ जिवंत होती. माझ्या वडिलांनी पाहिली असती तर दोन दिवस कुणाशी बोलले नसते.

मी मूठ घालून पाहिली. अडकली. दोन बोटं आणि कुंचला घालून पाहिला. टोक जेमतेम गळ्याखाली पोचलं.

रंग ओघळला असेल, मी म्हटलं. ओघळून ओघळून झाड होईल, फळं होतील, गजही होतील, पण चोचीची खूण? पण घरात नव्या आलेल्या सुनेने बरणीत झाड दिसतं असं म्हणायचं नसतं. मी शुहेईला बोलावलं. त्याने एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहिलं.

"ओघळ," तो म्हणाला.

"ओघळ?"

"छान ओघळ आहे. सेन्सेईंनी शिकवणी लावावी त्याच्याकडे."

मी हसले. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही, आणि सेन्सेईंनी आत बघितलंच नाही. ते कधीच बघत नाहीत.

३

आमचं पर्सिमनचं झाड तुरट जातीचं. फळ झाडावरून तोडून खाल्लं तर तोंडात लोकर भरल्यासारखं होतं. ती सोलून, दोरीला बांधून, छपराखाली आठवडेच्या आठवडे टांगायची, तेव्हा कुठे गोड होतात. म्हणून कावळेही त्याच्या वाटेला जात नाहीत.

त्या वर्षी कावळे आले. आधी एक, मग गावातले सगळे.

सासूबाई केरसुणी घेऊन बाहेर धावल्या. "मेल्यांनो, जिभा झडल्या का तुमच्या?" मग खाली पडलेलं एक फळ उचलून त्यांनी चावलं, कावळ्यांना धडा शिकवायच्या आवेशात. चावल्या आणि थांबल्या.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे चांगलंच की," मी म्हटलं.

"चांगलं? अगं, माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेलं झाड हे. कधी गोड झालं नाही. आता टांगायचं काय, तुला?"

त्यांनी ते फळ थुंकून टाकलं. आठवडाभर त्या झाडाशी बोलत नव्हत्या, म्हणजे माझ्याशी जितकं बोलत त्याहून कमी. मी म्हटलं, उन्हाळा लांबला होता, माती बदलली असेल, झाडांचं वय होतं. कारणं शोधायला मी कमी पडत नाही.

फक्त एकदा, खलताना खिडकीतून त्या झाडाकडे पाहिलं आणि वाटलं की ते नुसतं झाड आहे. काढून झाल्यावर उरलेलं.

४

दुसऱ्या बरणीच्या वेळी सासूबाई घरीच होत्या. त्यांनी बरणी मांडीत घेतली, गाल फुगवून आत फुंकर मारली आणि डोळा लावून बघितलं.

"आत अंधार आहे, बाहेर किटल्या," त्या म्हणाल्या. "अंधार बरा."

हे मला इतकं आवडलं की मी हसले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत, लग्नानंतर पहिल्यांदाच, थोडी ओळख होती. तिघांचं एकच मत आहे हे त्यांना कळलं असावं. वाटलं, आता हळूहळू जमेल आमचं.

भट्टी उघडली की झिलई हवेत आकसते आणि भांडी किणकिणतात. टिंग, टिंग, लांब कुठेतरी मंदिर असावं तसं. पुस्तकवाले या आवाजावर पानंच्या पानं लिहितात. ही बरणी किणकिणत नव्हती.

च्च, असं ती म्हणाली. थोडं थांबून, पुन्हा. च्च.

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दार बंद होतं. टॉर्च आत सोडला.

बरणीच्या तळातून वर पाहिल्यावर जसं दिसेल तसं काढलेलं होतं. वर्तुळ, वर्तुळात वाकलेला चेहरा, फुगलेले गाल, कपाळावर सुटलेली बट. डोळ्यांखालची एकेक सुरकुती. आणि त्या डोळ्यांत तो भाव, ज्याला मी सहा महिने घाबरत होते आणि मनातून मानतही होते. आरसा माझ्या हातातून सुटून बरणीत पडला. पडल्याचा आवाज आला नाही, किंवा आला तो त्या दुसऱ्या आवाजात मिसळला.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंनी माझ्यापुढे पेला ठेवला.

"ये गं बाळ, दमलीस. चहा घे. खरं सांगू, तू करतेस तो जास्त छान होतो. उद्यापासून तूच कर हं."

५

मासेवाली म्हणाली, नशीब काढलंस. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय जादू केलीस? डॉक्टर म्हणाले, वय झालं की माणसं मवाळ होतात, याला औषध कशाला?

सासूबाई सगळ्यांना छान म्हणू लागल्या. भात छान, पाऊस छान, पडसं छान. पूर्वी सेन्सेई आले की त्या मुद्दाम मुळ्याचं लोणचं दणादण चिरत बसत. आता त्या त्यांच्या बाजूला बसून हात जोडत. "किती नाजूक हात आहे तुमचा." सेन्सेईंना यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांना ते पूर्वीपासून माहीत होतं.

शुहेईने जेवताना विचारलं, "किती उडाल्या?"

"असं म्हणू नये रे," सासूबाई हसून म्हणाल्या. "किती मेहनत घेतात बिचारे."

माझं फुस्स घशातच राहिलं. शुहेईने वाटी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी चाकावर बसलेला असताना तो म्हणाला, "आई कुठे गेली?"

"स्वयंपाकघरात आहे."

"ती नाही."

चाक फिरतच राहिलं. मातीचा गोळा त्याच्या हातात वाकडा झाला. त्याने तो उचलून आपटला आणि पुन्हा सुरुवात केली.

ती बरणी सेन्सेई क्योतोला घेऊन गेले होते. पुढच्या खेपेला आले तेव्हा म्हणाले, "तुमचा तो कलश अजून वाजतो हो. मी दिवाणखान्यात लोकांना काही सांगत असलो की हमखास. च्च. लोक म्हणतात, झिलई निवतेय."

महिना उलटला होता. झिलई इतके दिवस निवत नाही, हे शुहेईला माहीत होतं. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

६

तिसरी बरणी मोठी होती, कानाझावातल्या दुकानाच्या प्रदर्शनात मधोमध ठेवायची. शुहेईने आजवर घडवलेलं सगळ्यात चांगलं काम. तिच्या पोटावर सेन्सेईंनी बगळ्यांचा थवा काढला, म्हणजे एका हॉटेलातल्या सगळ्या किटल्या.

सासूबाई खिडकीत बसून झाडाकडे बघत हसत होत्या. शुहेईने बरणी मांडीत घेतली.

"थांब," मी म्हटलं.

"का?"

का ते मला शब्दांत सांगता येईना. सांगितलं असतं तर हास्यास्पद वाटलं असतं, आणि हास्यास्पद गोष्टी आम्ही इतरांच्या मानायचो. मला एवढंच दिसत होतं की आता हा आत डोकावेल, आणि उद्या जेवताना मला म्हणेल, किती छान बगळे. मग मी कुणाबरोबर हसू? या डोंगरात, या घरात, आयुष्यभर?

सेन्सेई दारात स्कार्फ सावरत उभे होते. आणि माझ्या मनात आलं: काढायचाच असेल कुणाचा काटा, तर तो माणूस इथेच आहे की.

"सेन्सेई," मी म्हटलं, "आत फुंकर तुम्ही माराल?"

"मी? अहो सूनबाई, आत काय ते कुंभाराचं. आत कोण बघतं?"

"मासिकवाल्या बाई म्हणत होत्या. सेन्सेई स्वतः कलशात प्राण फुंकतात, असं काहीतरी लिहायचंय त्यांना."

ही थाप मी त्याच क्षणी मारली. शुहेईने माझ्याकडे चमकून पाहिलं. त्याच्या ओठाशी हसू आलेलं मला दिसलं.

"प्राण," सेन्सेई म्हणाले. "बाई हुशार आहे."

ते वाकले. मी त्यांच्या खांद्यावरून टॉर्च धरला, त्यांना आत नीट दिसावं म्हणून. त्यांना दिसतंय का हे बघायला मीही वाकले. आत पांढरी कोरडी झिलई होती, आणखी काही नाही. इतकी पांढरी, इतकी वाट बघणारी जागा मी कधी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, घे, आलाय बघ तुझा बगळेवाला.

"उत्तम, उत्तम," सेन्सेई म्हणाले आणि ताठ झाले. मग त्यांनी डोळे उघडले.

ते मी पाहिलं. आधी ताठ झाले, मग डोळे उघडले. धूळ डोळ्यात जाऊ नये म्हणून मिटले असतील. पाहिलं, आणि त्याचा अर्थ लागायच्या आत शुहेईने बरणी उचलून भट्टीत ठेवली आणि दार लावलं.

अर्थ लागला तेव्हा भट्टी लाल झाली होती. लाल झालेली भट्टी कुणी उघडत नाही. आतलं सगळं फुटतं. शुहेईची बरणीही.

७

भट्टी निवेपर्यंत मी चहा आटवत बसले. एक पातेलं झालं, दुसरं झालं. प्रत्येकातला थेंब जिभेवर ठेवून बघत होते. चिकटते. अजून चिकटते. सेन्सेई बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होते की बगळा हे आपलंच रूप आहे. ते आहेत तसेच होते. बंद डोळ्यांनी आयुष्य काढलेल्या माणसाचं कोण काय काढून घेणार?

शुहेईने दार उघडलं. बरणी सुंदर झाली होती, किटल्या वगळता. त्याने ती फळीवर ठेवली आणि तो लाकडी पेटी आणायला गेला.

भट्टीच्या खोलीत मी एकटी. बाकीची भांडी टिंग टिंग करत होती. बरणी गप्प होती. म्हटलं, चला, काही नाही. मन म्हणजे कसं असतं. मी नवा आरसा घेतला.

तेव्हा आतून कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं.

टॉर्च आत सोडला. वर्तुळ. वर्तुळाच्या अर्ध्या भागात काही नव्हतं, नुसती पांढरी झिलई, स्कार्फाच्या आकाराची. आणि त्या रिकाम्या जागेच्या खांद्यावरून वाकलेली एक बाई. माझ्या ओठाचा डावा कोपरा वर जातो हे मला माहीत नव्हतं. भुवई अशी चढते हेही. जो भाव मी इतके महिने कुणाच्या नजरेला पडू दिला नाही असं समजत होते, तो एकेका केसाच्या रेघेने तिथे बसवला होता. कुणी मला इतकं लक्षपूर्वक कधीच पाहिलं नव्हतं. शुहेईनेसुद्धा.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी कशी दिसत होते ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

शुहेईला हाक मारायची होती. त्याआधी, का कोण जाणे, मी पातेल्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

साखरेच्या पाण्यासारखं लागलं.

८

आता आमच्याकडे सगळं छान आहे.

सेन्सेईंबद्दल वर जे आलं आहे ते त्या त्या वेळी मला जसं वाटलं तसं सांगितलं. मला शब्दन्‌शब्द आठवतं, पण असं कोणी कुणाबद्दल का बोलावं हे कळत नाही. ते फार मोठे कलावंत आहेत. त्यांनी राग मानू नये.

सासूबाईंचं आणि माझं छान जमतं. दुपारी आम्ही दोघी खिडकीत बसून झाडाकडे बघतो. चहा मला कितीही आटवला तरी गोडच लागतो, म्हणून रंगाचं काम आता हे करतात. त्यांना जरा त्रास होतो, पण करतात.

पहिल्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं होतं, "आज किती उडाल्या?" आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.

"किटल्या नाहीत हो त्या," मी म्हटलं. "बगळे आहेत. किती सुंदर काढलेत."

त्यांनी हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "हो? हो कुणाला म्हणतेस?" त्यांनी विचारलं. मग टॉर्च घेऊन ते भट्टीच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

तेव्हापासून ते संध्याकाळी तिथेच असतात. बरणी पेटीत ठेवली आहे, पण झाकण लावू देत नाहीत. मी चहा घेऊन जाते तेव्हा ते पेटीला कान लावून बसलेले असतात. हळूच विचारतात, "आज किती उडाल्या?" मग थांबतात. मला काहीच ऐकू येत नाही. पण ते हसतात, पूर्वी हसायचे तसे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि पेटीवर हात फिरवतात. मी दारात उभी आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. आलं तर "ठेवा तिथे" म्हणतात, पाहुण्या बाईला म्हणावं तसं.

उद्या सेन्सेई बरणी न्यायला येणार. प्रदर्शनात ती मधोमध ठेवणार आहेत, लोक लांबून बघायला येतील. किती आनंदाची गोष्ट. हे मात्र पेटीला दोन्ही हातांनी धरून बसलेत, आणि शेजारी त्यांनी माती फोडायचा हातोडा ठेवलाय. मी त्यांना प्रेमाने समजावलं, "अहो, असं करू नये. एवढी सुंदर वस्तू आहे."

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग पेटीत वाकून ते म्हणाले, "ऐकलंस?"